कुलपांची डागडुजी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर बहुतेक विद्वानच उभे राहत आले. मी विद्वान नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाले, युनियनच्या कचेरीत झाले, आणि उरलेले जिल्हा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर, रात्री, घरची मंडळी झोपल्यावर. चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा त्यांना वाटले होते की मी कामगार कायद्यांवर बोलेन. मी म्हणालो, "मला संगणकातल्या कुलपांच्या डागडुजीवर बोलायचे आहे." ते थोडे गप्प झाले, आणि मग म्हणाले, "पण तुमचा त्याच्याशी काय संबंध?" हे व्याख्यान म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजा.

सुरुवात कारखान्यापासूनच करतो, कारण मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही. १९९३ च्या सुमारास मी एका कारखान्यात खलाशी होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. आमच्या पाळीला एक वयस्क फिटर होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. एका रात्री ते वाफेच्या नळीच्या एका सांध्यापाशी बराच वेळ कान लावून उभे राहिले. मला म्हणाले, "पोरा, हा सांधा बोलायला लागला." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर सांगितले. वरून उत्तर आले, हंगाम ऐन भरात आहे, गव्हाण बंद ठेवता येणार नाही, ऑफ-सीझनला बघू. मिस्त्रींनी पट्टी आवळून तात्पुरती व्यवस्था केली आणि तीन वेळा तेच पुन्हा सांगितले. पाचव्या आठवड्यात सांधा सुटला. माझ्यासारखाच एक खलाशी खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. चौकशी झाली. चौकशीत पहिला प्रश्न असा विचारला गेला की, पट्टी कोणी आवळली होती?

त्या प्रश्नाने मी युनियनमध्ये गेलो. आज ज्या गोष्टी सांगणार आहे त्या साता समुद्रापलीकडच्या आहेत. पण त्या वाचताना मला दरवेळी तो सांधा आठवला.

आता मूळ विषय. आपण पतसंस्थेचा हप्ता मोबाईलवरून भरतो. बिडी वळणारी आमची एखादी बहीण मुलाच्या फोनवर आपला प्रॉव्हिडंट फंड किती जमला ते पाहते. शेतकरी उसाचे बिल खात्यात आले का ते पाहतो. हा निरोप फोनपासून बँकेच्या यंत्रापर्यंत जातो तो उघड्या रस्त्याने. वाटेत कितीतरी हातांतून जातो. तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याचे गुप्तलेखन करतात. म्हणजे निरोपाची अक्षरे अशी गणिताने उलटीपालटी करतात की ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यालाच त्याचा अर्थ लागावा. वाटेत पत्र फोडून वाचणे ही कला जुनी आहे, आणि आपल्या जिल्ह्याला तिची ओळख आहे. १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद ही मंडळी बंदीत होती. मौलानांनी तेथे जी पत्रे लिहिली ती पाठवलीच नाहीत; सुटकेनंतर १९४६ साली ती पुस्तकरूपाने निघाली. पण सामान्य माणसाला पैसे न पाठवून कसे चालेल?

हे गुप्तलेखनाचे गणित प्रत्येक बँक स्वतः बसवीत नाही, बसवूही नये. तसे करणे म्हणजे प्रत्येक कारखान्याने आपले बेअरिंग आपणच ओतण्यासारखे आहे. ओतले तर हमखास वाकडे निघेल. म्हणून जाणत्या लोकांनी एकदा नीट लिहिलेला प्रोग्राम सगळे वापरतात. अशा तयार सुट्या भागांच्या संचाला त्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. (आमच्या कचेरीतल्या एका कार्यकर्त्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, वर्गणी किती? प्रश्न भोळा होता. पण आजच्या व्याख्यानाचे मर्म नेमके त्यातच आहे. पुढे येईलच.)

या संचांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ओपनएसएसएल. एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या कामावरून १९९८ च्या अखेरीस तो उभा राहिला. तो फुकट आहे, आणि कोणालाही उघडून वाचता येतो. बँका, सरकारे, दवाखाने, दुकाने, सर्वांनी तो घेतला. गावच्या बारवेसारखे झाले. या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या; त्यांच्याच नावाने आता जिल्हा ओळखला जातो, आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगर येते तो भाग वेगळा. बारव बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते. तिचा गाळ दरवर्षी कोण काढतो, हे मात्र कोठेही कोरलेले नसते.

ओपनएसएसएलमध्ये एक सोय होती. दोन यंत्रे बोलत असताना मध्ये शांतता पडली तर पलीकडचा जागा आहे की नाही हे कळावे, म्हणून एक यंत्र दुसऱ्याला एखादा शब्द पाठवते आणि सांगते, हा शब्द इतक्या अक्षरांचा आहे, तो मला जसाच्या तसा परत पाठव. परत आला म्हणजे पलीकडचा जिवंत आहे. या सोयीचे नावच हृदयाचा ठोका असे होते. आता आपण सगळे उसाच्या मुलखातले, म्हणून काट्याचा दाखला देतो. गाडी काट्यावर येते, कारकून वजन पाहतो आणि पावती लिहितो. समजा कारकुनाने गाडी काट्यावर घेतलीच नाही, आणि गाडीवान म्हणेल तेच वजन लिहिले, तर? येथे तेच झाले. शब्द पाठवणारा जी लांबी सांगेल ती खरी धरली गेली. शब्द मोजून पाहण्याची एक ओळ लिहायची राहिली. मग कोणी एका अक्षराचा शब्द पाठवून तो चौसष्ट हजार अक्षरांचा आहे असे सांगितले, तर बँकेचे यंत्र ते एक अक्षर परत देई आणि बाकीची भरती आपल्या स्मरणात त्या शब्दाशेजारी जे काही पडले असेल त्यातून करी. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असे, कोणाचे पत्र असे, आणि कधी कधी खुद्द कुलपाची किल्ली असे. पुन्हा विचारले की पुन्हा तेवढेच मिळे. आणि अशा चौकशीची नोंदही साधारणपणे वहीत होत नसे. चोर येऊन गेला हे घरमालकाला कळण्याची सोयच नव्हती.

ही चूक ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, नवे वर्ष लागण्यास तासभर असताना, संचात दाखल झाली. मार्च २०१२ मध्ये ती जगभर गेली. ती उघडकीस आली ७ एप्रिल २०१४ ला. गूगलमधले नील मेहता आणि फिनलंडमधल्या कोडेनोमिकॉन या कंपनीचे लोक, दोघांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. तिला हार्टब्लीड, म्हणजे हृदयाचा रक्तस्राव, असे नाव पडले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे जगातली सुमारे पाच लाख सुरक्षित म्हणवणारी यंत्रे तिच्या कक्षेत होती. कॅनडाच्या करखात्याला ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत आपले दार बंद करावे लागले, आणि तरीही तेथून सुमारे नऊशे नागरिकांचे सामाजिक विम्याचे क्रमांक चोरीला गेले.

लगेच चौकशी सुरू झाली, आणि पहिला प्रश्न तोच: पट्टी कोणी आवळली? एका जर्मन तरुणाचे नाव निघाले. तो हा भाग लिहीत असताना डॉक्टरेटचा विद्यार्थी होता. त्याने उघडपणे सांगितले, माझ्याकडून तपासणी राहिली, हेतू काही नव्हता; आणि ज्याने माझे काम तपासले त्याच्याही नजरेतून ते सुटले. मला तो माणूस आवडला. पस्तीस वर्षांत मी शेकडो चौकश्यांना बसलो आहे. आपली चूक अशी सरळ कबूल करणारा अधिकारी मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. पण माझा प्रश्न त्या पोराविषयी नाही. एका माणसाच्या नजरेतून सुटले तर पाच लाख यंत्रे उघडी पडतात, अशी व्यवस्था कोणी केली? तपासायला आणखी माणसे का नव्हती?

त्याचे उत्तर त्याच आठवड्यात मिळाले. ओपनएसएसएलचा पैशाचा व्यवहार पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी जाहीर लिहिले की, आम्हांला देणग्या म्हणून वर्षाकाठी साधारण दोन हजार डॉलर मिळतात, आणि पूर्ण वेळ हेच काम करणारा आमच्याकडे एकच माणूस आहे. मंडळी, हे वाक्य मी तीनदा वाचले. वर्षाला दोन हजार डॉलर! त्या वेळच्या भावाने सव्वा लाखाच्या आतबाहेर रुपये. आमच्या कारखान्यातल्या कायम फिटरचा वर्षाचा पगार त्याहून जास्त होता. आणि या कुलपामागे ज्यांनी आपला माल ठेवला होता त्यांत जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्या होत्या.

आपल्या जिल्ह्याला हे समजायला अवघड जाऊ नये. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला पहिली मोळी पडली, ती विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले म्हणून. धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्याचा ऊस त्याचा भाग, हे तत्त्व होते. पुढे त्या तत्त्वाचे काय काय झाले यावर बोलायला दुसरे व्याख्यान लागेल, आणि मग चिटणीस मला पुन्हा बोलावणार नाहीत. पण तत्त्व बरोबर होते. ओपनएसएसएलच्या बाबतीत ऊस साऱ्या जगाचा होता आणि भाग कोणाचाच नव्हता.

काही जण म्हणतील, ही मंडळी स्वखुशीने काम करतात, हे श्रमदान आहे. श्रमदानाची थोरवी मी राळेगण आणि हिवरे बाजारच्या जिल्ह्यात सांगायला नको. बंधारा बांधायला शंभर माणसे एक दिवस येतात, ढोल वाजतो, फोटो निघतो. पण पुढे वीस वर्षे पावसाळ्यापूर्वी त्या बंधाऱ्याची भेग बघायला जो एकटा जातो, त्याच्या घरी चूल कशाने पेटते? रोजची निगराणी श्रमदानावर ठेवली की ती एका कोणाच्या तरी पाठीवर बसते, आणि त्या पाठीचे नाव आपल्याला ती मोडल्यावर कळते. कामगार चळवळीत मुरलेल्या माणसाचा हा पूर्वग्रह असेल. पण तो मी सोडू इच्छीत नाही.

हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांना जाग आली. त्याच एप्रिल महिन्यात बारा-तेरा कंपन्यांनी दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर, तीन वर्षे, अशी हमी देऊन एक निधी उभारला. त्यातून ओपनएसएसएलच्या दोघांना पूर्ण वेळ पगार मिळू लागला. आमच्या साखर धंद्यात हंगामी कामगाराला कारखाना बंद असतानाच्या महिन्यांत रिटेन्शन भत्ता मिळतो. तो मिळवायला पिढी खर्ची पडली. मालक म्हणत, काम नाही तर पैसे कशाचे? आम्ही म्हणत असू, पुढच्या हंगामाला जाणता माणूस हजर पाहिजे, त्याचे हे पैसे. या निधीचे तत्त्व याहून वेगळे नाही. फक्त आम्हांला त्यासाठी गेटवर बसावे लागले, आणि तेथे सांधा फुटावा लागला.

आता ठिगळ लावण्याकडे येऊ; कारण लोकांना वाटते, चूक सापडली, ठिगळ लावले, संपले. माझी आई वाकळ शिवत असे. ती म्हणे, ठिगळ लावताना आधी भोवतालचे कापड किती विरले आहे ते बघ, नाहीतर टाक्याबरोबर तेही फाटते. हे संगणकातही घडलेले आहे. डेबियन नावाची एक व्यवस्था पुष्कळ लोक वापरतात. २००६ साली तिच्या एका जबाबदार माणसाला ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी संशयास्पद वाटल्या. तपासणीचे एक हत्यार त्या ओळींविरुद्ध तक्रार करीत होते. त्याने चांगल्या हेतूने, आधी विचारणा करून, त्या ओळी निष्प्रभ केल्या. पण किल्ली पाडताना जो यदृच्छेचा मसाला घालावा लागतो तो त्याच ओळींतून पडत होता. मसाला बंद झाला. ज्या किल्ल्यांचे प्रकार विश्वातल्या ताऱ्यांहून अधिक निघायला हवे होते, त्या प्रत्येक जातीच्या कुलपासाठी जेमतेम बत्तीस हजार निघू लागल्या. सगळ्या करून पाहायला एखाद्या यंत्राला फार वेळ लागत नाही. आणि हे कळायला मे २००८ उजाडले. पावणेदोन वर्षे लोक कुलूप लावून निवांत झोपत होते, आणि किल्ल्यांचा जुडगा कोणालाही करता येत होता. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याचे कामही दुसऱ्या जाणत्याने तपासले पाहिजे, आणि तपासणाऱ्यालाही वेळ आणि पगार पाहिजे.

दुसरी अडचण अशी की येथे ऑफ-सीझन नाही. कारखान्यात हंगाम संपला की मिल उघडून रोलर बाहेर काढतात, बॉयलर थंड होतो, माणूस आत शिरून नळ्या बघतो, निरीक्षक येतो, आणि मग पुढच्या वर्षी अग्निप्रदीपन. बॉयलरला १९२३ पासून कायदा आहे. २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. बँकेचे यंत्र मात्र बारमाही चालते. चालत्या गाडीचे चाक बदलावे तसे हे काम. शिवाय ठिगळ जाहीर केले की भोक कोठे होते हेही जाहीर होते. ज्याने त्या दिवशी ठिगळ लावले तो वाचला; ज्याने उद्या म्हटले त्याच्या दाराचा नकाशा चोराच्या हाती पडला. हार्टब्लीडच्या वेळी काही मोठ्या कंपन्यांना बातमी आधी मिळाली होती आणि त्यांनी आपली दारे आधीच नीट करून घेतली होती. याहूसारख्या मोठ्या कंपनीला ती मिळाली नव्हती, आणि त्या दिवशी तिच्या यंत्रातून लोकांचे परवलीचे शब्द गळताना तज्ज्ञांनी दाखवून दिले. गुप्तता ठेवायची तर किती जणांत, आणि कोणाला आधी सांगायचे, हा प्रश्न खरोखर कठीण आहे. मला त्याचे सोपे उत्तर माहीत नाही. परंतु त्या यादीत आपल्या तालुक्यातली पतसंस्था कधीच नसणार, एवढे मात्र माहीत आहे.

तिसरे. किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल तर नुसता खटका दुरुस्त करून भागत नाही. किल्ली बदलावी लागते, आणि जुनी किल्ली रद्द झाल्याचे सर्वांना कळवावे लागते. हार्टब्लीडनंतर अनेकांनी प्रोग्राम बदलला आणि किल्ली तीच ठेवली. काहींनी तर नवा दाखला काढला तो जुन्याच किल्लीवर.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत एक संगणक आहे. त्यात अडीच हजार सभासदांची नावे, खात्यांचे क्रमांक, पीएफचे क्रमांक, कोणाच्या आजारपणाचे अर्ज. त्याच्या पडद्यावर मधूनमधून एक चौकट येई: नवी दुरुस्ती आली आहे, आता बसवू की नंतर? मी नंतर दाबत असे. वर्षभराहून अधिक मी नंतर दाबले. कधी सभेचे पत्र टाइप करायचे असे, कधी वकील बसलेले असत. एकदा पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा आला होता. त्याने ते पाहिले आणि विचारले, "मामा, किती वेळा नंतर म्हणालात?" मी म्हणालो, "अरे, काम चालू होते." एवढे बोललो, आणि माझे मलाच ते शब्द ओळखीचे वाटले. हंगाम ऐन भरात आहे, ऑफ-सीझनला बघू. पस्तीस वर्षे ज्यांच्याशी भांडलो त्यांचे वाक्य माझ्या तोंडून निघाले होते.

आता सहकारी बँकांचे. लोक मला पुण्याच्या कॉसमॉस बँकेविषयी विचारतात. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या बँकेतून सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले. खोट्या कार्डांवर अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले, आणि काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने त्या प्रकरणी अकरा जणांना शिक्षा दिली. पण तेथे गुप्तलेखनाचे गणित फुटले नव्हते. चोरांनी आत शिरून होकार देणारा आपलाच खोटा कारकून बसवला होता. आपल्या विषयाला जवळची घटना पुढची. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळजवळ तीनशे लहान बँका, बहुतेक सहकारी आणि ग्रामीण, देयकांच्या जाळ्यापासून तोडाव्या लागल्या. कारण त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता. दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत झाले. तपास करणाऱ्या सुरक्षा-कंपन्यांनी मांडले की, चोर एका जोडीदार कंपनीच्या यंत्रातून शिरले. त्या यंत्रावर जेनकिन्स नावाचा प्रोग्राम होता आणि त्यातले भोक बुजवलेले नव्हते. ते भोक, त्याच्या ठिगळासह, जानेवारीत जाहीर झाले होते. म्हणजे सहा महिने ठिगळ तयार होते. ते लावले गेले नव्हते. कोणी नंतर दाबले असेल, की कोणाला ते काम नेमूनच दिले नव्हते, हे मी सांगू शकत नाही. पण तीनशे बँकांच्या काउंटरवर त्या दिवशी लोकांची बोलणी कोणी खाल्ली असतील? कारकुनांनी.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्येच नागरी सहकारी बँकांना सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. दुरुस्त्या वेळेवर बसवणे तीत आहे. सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून अशा भोकांच्या सूचना काढते. २०२४ साली तिने प्रोग्राममधल्या सुट्या भागांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शन केले. ही यादी फार महत्त्वाची आहे. हार्टब्लीडच्या वेळी कित्येकांना आपल्या घरात ते कुलूप कोणकोणत्या दाराला आहे हेच ठाऊक नव्हते. स्टोअरच्या वहीत नोंद नसलेला भाग बदलणार कोण?

एक शेवटची हकीकत सांगतो, कारण ती मला सर्वांत जास्त टोचते. एक्सझेड नावाचा एक लहानसा संच आहे. माहिती दाबून लहान करणारा. तो फिनलंडमधल्या एका माणसाने वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळला. २०२२ साली काही अपरिचित नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: कामे तुंबली आहेत, दुसऱ्याला अधिकार द्या. त्याने जाहीरपणे लिहिले की, प्रकृतीच्या अडचणी आहेत, आणि हे बिनपगारी काम आहे हे ध्यानात ठेवा. याच काळात एक मदतनीस पुढे आला. गोड बोलणारा, कामसू. दोन वर्षे त्याने चोख काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्या. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने त्या संचात एक चोरदरवाजा बसवला, असा की दूरच्या यंत्रात शिरण्याची जी सुरक्षित वाट असते तिचे कुलूप त्याच्या किल्लीने उघडावे. त्या नावामागे कोण होते हे आजवर उघड झालेले नाही. हा डाव फुटला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. तो दुसरेच काही मोजत होता. त्याला दिसले की यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! त्याने ते सोडून दिले नाही. मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला सर्वांना सांगितले. तोवर तो माल जगातल्या बहुतेक यंत्रांवर पोचायचा होता, म्हणून निभावले.

आमच्या मिस्त्रींना सांधा बोलताना ऐकू आला, तसेच हे. पण मी त्या एकट्या थकलेल्या माणसाचा विचार करतो. त्याच्यावर तगादा लावणारी माणसे खोटी होती, आणि मदतीला आलेला माणूसही खोटा होता. खरे असे त्याच्या दाराशी कोणीच आले नव्हते.

तेव्हा आपण येथे बसून काय करणार? माझ्यापुरते सांगतो. मी तीन पतसंस्थांचा आणि एका बँकेचा सभासद आहे. गेल्या वर्षीच्या वार्षिक सभांत मी उठून तेच तीन प्रश्न विचारले: आपल्या यंत्रांत कोणते भाग आहेत त्यांची यादी आहे का, दुरुस्ती आल्यापासून ती बसेपर्यंत किती दिवस जातात, आणि हे काम ज्याच्याकडे आहे तो कायम आहे की कंत्राटी. लाभांशाच्या ऐवजी हा काय विषय काढला, म्हणून मागून आवाज आले. दोन ठिकाणी अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. एका ठिकाणी व्यवस्थापकांनी सरळ सांगितले, यादी नाही, करून घेतो. ती झाली, मी पाहून आलो. त्यात ओपनएसएसएल चार ठिकाणी निघाले, त्यांतले एक फार जुने. चौथ्या संस्थेत मला बोलायलाच मिळाले नाही. उसाच्या बिलातून टनामागे नाना निधींसाठी कपात होते, त्यातल्या कित्येकांचे पुढे काय होते ते देव जाणे. मग सहकारी बँकांच्या संघाने ठेवीमागे काही पैसे काढून अशा एखाद्या संचाच्या राखणदाराला पगार का देऊ नये, असा ठराव मी यंदा पाठवला आहे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर मी खाली, चपला ठेवल्या आहेत तेथे, थांबतो.